पहिले तीन बार

एक काम कर. लिटरभर दुधाने भरलेली काचेची बाटली मानेपाशी धर आणि हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे लांब कर. एकच हात. दुसरा खिशात. आता मनातल्या मनात पंधरापर्यंत मोज. बाटलीचं तोंड जरासुद्धा हलता कामा नये. मग बाटली खाली ठेव, दोन मिनिटं थांब आणि पुन्हा उचल. असं तेरा वेळा. खरंखुरं करू नकोस, बाटली फुटली तर घरी बोलणी बसतील. नुसती कल्पना कर. आणि कल्पना करतोच आहोत, तर हीही कर की तुझं वय एकाहत्तर वर्षं आहे.

आता तुला कोर्बिनियन आजोबांचा खांदा कळला. गोष्ट त्या खांद्याची आहे, आणि त्यांच्या नातीची. तिचं नाव आफ्रा, वय दहा.

कोर्बिनियन आमच्या गावच्या काचकारखान्यात चाळीस वर्षं पेल्यांवर नक्षी कोरायचे. फिरत्या चाकाला पेला लावायचा आणि काचेत हरिण उमटवायचं, तेही शिंगांच्या टोकांसकट. असा हात सुटीच्या दिवशीही रिकामा राहत नाही. रेगेन नदीच्या वळणावर आमच्या नेमबाज मंडळाची लाकडी इमारत आहे, तिथे ते ठासणीचं पिस्तूल चालवायचे. ठासणीचं म्हणजे जुन्या काळचं, तोंडातून भरायचं. एका वेळी एकच बार. तो उडाला की पुन्हा पहिल्यापासून सगळं भरायचं.

भरायचं कसं, ते आफ्रा झोपेतही सांगू शकली असती. आधी नळीत मोजून ठेवलेली काळी दारू. तिच्यावर चमचाभर रवा, हो, सूपमधले गोळे करतात तोच रवा, म्हणजे दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहत नाही. मग चरबी लावलेला कापडाचा गोल तुकडा, त्यावर शिशाची गोळी, आणि गजाने सगळं हलकेच खाली ठासायचं. शेवटी घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, आणि पुढचं सगळं धुरात.

दर शनिवारी सकाळी आजोबा आणि आफ्रा स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयारी करायचे. आजोबा दारू मोजून तेरा छोट्या नळकांड्यांत भरायचे, तेव्हा तिला टेबलापासून दोन पावलं लांब उभं राहावं लागे. रवा मात्र तिच्याकडे. कापडही तिच्याकडे. आजीच्या जुन्या उशीच्या अभ्र्यातून ती कात्रीने गोल कापायची, एकसारखे, रुपेरी नाण्यांएवढे. आजी जाऊन तीन वर्षं झाली होती. अभ्रे अजून पुष्कळ होते.

तेराच का, हे सांगायला हवं. स्पर्धेत अर्ध्या तासात तेरा बार काढायचे असतात, पण गुण मोजतात ते सर्वांत चांगल्या दहांचे. वाईट तीन माफ. मला हा नियम फार आवडतो. शाळेत असा नियम असता तर किती मुलं हसत घरी गेली असती.

मंडळात आफ्राचं काम दुर्बिणीचं. आजोबा पंचवीस मीटरवरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरायचे. ती मागे छोट्या टेबलाशी, कानांवर जाड लाल झाकणं लावून, दुर्बिणीला डोळा लावून बसायची. धूर विरला की नवं भोक कुठे पडलं ते पाहायचं आणि वहीत तसंच वर्तुळ काढून त्यात आकडा लिहायचा. पहिला बार तो एक, दुसरा तो दोन. काळ्यावरचं काळं भोक आजोबांना आता दिसत नव्हतं. कागद शेवटी हातात आला की भोकं दिसायची, पण कुठलं आधी पडलं आणि कुठलं नंतर, हे भोक थोडंच सांगतं? ते वहीच सांगायची.

आणि मार्चपासून वही खोटं सांगत होती.

झालं असं. हिवाळ्यात एकदा चुलीपाशी बसून नळी पुसता पुसता आजोबा शेजाऱ्याला म्हणाले होते, की ज्या दिवशी माझा हात खाली येईल त्या दिवशी हे पिस्तूल खुंटीला टांगीन आणि मंडळाचं तोंड बघणार नाही. म्हाताऱ्यांनी लोकांची करमणूक कशाला करायची. आफ्रा तिथेच रवा चाळत होती. कुणाचं लक्ष नव्हतं.

मग बर्फ वितळलं, मंडळ उघडलं, आणि पहिल्याच शनिवारी बारावा आणि तेरावा बार खाली गेला. वर्तुळात, पण खाली. पुढच्या शनिवारीही तसंच. आफ्राला दुर्बिणीतून भोकं दिसत होती, आणि मान वर केली की आजोबांचा हात. दहाव्या बारानंतर आजोबांचा हात वर जाताना मध्येच थबकायचा, जणू जिन्याची एक पायरी विसरला आहे. तिने पेन्सिल उचलली आणि खाली गेलेल्या भोकांना एक आणि दोन असे आकडे दिले. सुरुवातीच्या चांगल्या भोकांना बारा आणि तेरा.

तिने हेच का केलं, हे आमच्याकडच्या कुणालाही लगेच कळेल. नळी गंजू नये म्हणून आतून तेल लावून ठेवतात. बार काढण्याआधी ते पुसून घेतात, पण थोडं जरी राहिलं तर पहिला बार भरकटतो. म्हणून पहिले बार वाईट गेले की कुणी नेमबाजाला नावं ठेवत नाही. तेलाला ठेवतात.

आजोबांनीही तेलालाच ठेवली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी नळी दोनदा पुसली. एप्रिलमध्ये वाईट भोकं तीन झाली, तेव्हा त्यांनी नळीत गरम पाणी ओतलं. मग दारू कमी केली, रवा वाढवला, अभ्रा बदलून जाड गादीचं कापड आणलं. जूनमध्ये वाईट भोकं चार झाली. तीन माफ होती, चौथं माफ नव्हतं. गुण ब्याण्णववरून चौऱ्याऐंशीवर आले.

शेवटी एका संध्याकाळी आजोबांनी पिस्तूल मांडीवर घेतलं आणि म्हणाले, की ही नळी संपली. जुलैच्या प्रांतस्पर्धेआधी दुसरं पिस्तूल बघायला हवं.

ते पिस्तूल त्यांनी दोन हिवाळे खपून स्वतः घडवलं होतं. नळी विकतची, पण दस्ता त्यांच्या बहिणीच्या अंगणातल्या अक्रोडाचा. झाड वादळात पडलं तेव्हा मागून आणलेला. आफ्राने मूठ हातात घेऊन पाहिली. तिला वाटलं, नवं पिस्तूल आलं की सगळं नीट होईल, आणि मग खोटे आकडे लिहावे लागणार नाहीत.

बंदुका दुरुस्त करणारी झेंझी पुलापलीकडे राहायची. ती आणि कोर्बिनियन शाळेत एका वर्गात होते, त्यामुळे दोघांना एकमेकांची काडीचीही भीड नव्हती. तिने हिरव्या फडक्यावर दोन पिस्तुलं मांडली. एक लांब, आठ कडांच्या नळीचं, चॉकलेटी रंग चढवलेलं, दीड किलोचं. दुसरं बारीक नळीचं, अर्धा किलो हलकं, दस्ता फिकट आणि साधा, दिसायला काही म्हणजे काही नाही.

पिस्तूल निवडायची एक रीत आहे. डोळे मिटायचे, हात वर न्यायचा, जसा सहज जाईल तसा. मग डोळे उघडायचे. नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाला खुंटीसारखा जो दाणा असतो, त्याला माशी म्हणतात. मागे खाच असते. डोळे उघडल्यावर माशी आपोआप खाचेत बसलेली दिसली, तर पिस्तूल आणि हात यांचं जमलं. खाली किंवा बाजूला दिसली, तर पुढे रोज भांडण.

आजोबांनी लांबडं उचललं, डोळे मिटले, उघडले. माशी खाचेत. मग हलकं उचललं. माशी जरा डावीकडे. ती मूठ त्यांच्या हाताला लहान होती.

"हे तर बायकांच्या पर्समध्ये ठेवायचं," आजोबा म्हणाले.

"माझ्या पर्समध्ये बसतंय," झेंझी म्हणाली. "तुझ्या डोक्यात बसत नाहीये. मूठ बदलता येते, कोर्बी. तुझा हात कागदावर ठेव, मी भोवतीने पेन्सिल फिरवते, आठ दिवसांत नवी मूठ. जुन्या घाटाचीच, नियमात बसेल अशी."

आजोबांना हाताचं चित्र काढून घ्यायचं नव्हतं. ते काय बालवाडीत होते का, असं त्यांनी विचारलं. त्यावर झेंझी म्हणाली, की सून बघायला आल्यासारखा नुसता रंग आणि उंची बघत बसू नकोस, दोन्ही घेऊन चल, शनिवारी तेरा तेरा बार काढू, काय ते कागद सांगेल.

शनिवारी झेंझी स्वतःच आली. दोन्ही नळ्या तिने स्पिरिटने पुसल्या होत्या आणि नुसत्या टोप्या फोडून आतून कोरड्या करून घेतल्या होत्या. सकाळची वेळ, मंडळात फारसं कुणी नव्हतं. आफ्रा दुर्बिणीशी बसली.

आधी लांबडं. पहिला बार जवळजवळ मधोमध. दुसरा त्याला चिकटून. आफ्राने श्वास सोडला. पाचवा, सहावा, सगळे एका बशीत मावतील असे. आठव्यानंतर आजोबांनी हात झटकला. दहावा बार खाली. अकरावा आणखी खाली. बारावा आणि तेरावा तर काळ्याच्या अगदी खालच्या कडेला. चार.

पिस्तूल नवं होतं. नळी कोरडी होती. आणि तरी तेच.

तिने पेन्सिल धरली, थोडा वेळ नुसती धरून ठेवली, आणि सवयीने लिहिलं. खालच्या भोकांना एक, दोन, तीन, चार.

मग हलकं. त्याची भोकं विखुरलेली पडली, एक इकडे, एक तिकडे, बहुतेक डावीकडे. पण तेरावा बार पहिल्याच्याच उंचीवर होता. हात शेवटपर्यंत वर गेला. इथले आकडे तिने खरे लिहिले, कारण लपवण्यासारखं काही नव्हतं.

तिघं टेबलाभोवती बसले. लांबड्याचे सत्त्याऐंशी गुण झाले, हलक्याचे त्र्याऐंशी. आजोबांनी वही ओढली, चष्मा नाकावर घेतला आणि एखादं कोडं सुटल्यासारखे खूश झाले. बघ, ते झेंझीला म्हणाले, इथेही पहिले चार बार वाया. तेल. पण पाचपासून तेरापर्यंत बघ, एकाच ठिकाणी. हा हात आहे की नाही?

झेंझीने वही पाहिली. कागद पाहिला. मग म्हणाली, "नळी मी कोरडी केली होती. तेल आलं कुठून?"

तिने आफ्राकडे पाहिलं. फार वेळ नाही, दूध उतू जातंय का हे बघतात तेवढंच. मग ती उठली आणि कॉफी आणते म्हणून आतल्या खोलीत गेली. तिथे कॉफीला एवढा वेळ लागत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

आजोबा लांबड्याच्या नळीवरून बोट फिरवत होते. हेच घ्यायचं, ते म्हणाले. जुनं आता खुंटीला. मग त्यांनी खुर्ची आफ्राच्या जवळ सरकवली आणि आवाज खाली आणून आपला बेत सांगितला, जसा आपण फक्त जवळच्या माणसाला सांगतो. स्पर्धेत नेमबाजाच्या मागे कुणाला बसू देत नाहीत. आफ्रा तिथे नसेल, वही नसेल. पण वहीने त्यांना शिकवलं होतं. पहिले तीन बार तसेही वाईटच जाणार आणि वाईट तीन माफच असतात. मग त्यांच्यावर ताकद कशाला घालवायची?

"पहिले तीन मी नुसते उडवून टाकणार," आजोबा म्हणाले. "नेमसुद्धा धरणार नाही. सगळा जीव शेवटच्या दहांना. तुझ्या वहीमुळे सुचलं हे."

आफ्राने कानांवरची लाल झाकणं काढून मांडीवर ठेवली होती. ती आता त्यांची वादी बोटाला गुंडाळत होती. गुंडाळायची, सोडायची. तिच्या डोळ्यांसमोर स्पर्धेचा कागद आला. पहिल्या तीन गोळ्या कुठेतरी झाडाझुडपात गेलेल्या. आजोबांच्या सगळ्यांत चांगल्या तीन. आणि शेवटी हात जिन्याची पायरी विसरलेला, आणि मागच्या टेबलाशी कुणीच नाही.

"आजोबा, पहिले तीन चांगले असतात," ती म्हणाली.

त्यांना वाटलं ती काहीतरी विनोद करतेय. ते थोडं हसलेही.

"पहिले तीन चांगले असतात. शेवटचे खाली जातात. मी आकडे उलटे लिहिते."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, तिचा आवाज आत आला. आजोबांनी चष्मा काढला.

"कधीपासून?"

"बर्फ वितळल्यापासून."

"दर शनिवारी?"

तिने मान हलवली. मग चुलीपाशी त्यांनी शेजाऱ्याला सांगितलेलं सगळं तिने त्यांना परत सांगितलं, शब्दाला शब्द, खुंटीसकट.

मी अनेक मोठी माणसं पाहिली आहेत, जी अशा वेळी पहिलं वाक्य रागाने बोलतात आणि मग वर्षभर ते वाक्य परत घ्यायची जागा शोधत राहतात. कोर्बिनियन चाळीस वर्षं काचेवर काम केलेले. घाई केली की काय तडकतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"अकराव्या बाराला खांदा जळायला लागतो," ते म्हणाले. "मार्चपासूनच. खांदा मला सांगत होता, आणि मी त्याला म्हणत होतो, गप बस, वहीत तर चांगलं लिहिलंय."

आफ्रा म्हणाली, "मग आता तुम्ही मंडळात येणार नाही का?"

"ते मी हिवाळ्यात बोललो होतो," आजोबा म्हणाले. "हिवाळ्यात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण एक ऐक. तू मला वाचवायला निघालीस आणि मी तीन महिने बिचाऱ्या नळीला गरम पाण्याने आंघोळी घालत होतो. तिची माफी कोण मागणार?"

तेव्हा ती हसली, आणि हसताना थोडी रडलीही. आजोबांनी खिशातून रुमाल काढून दिला. त्याला चरबीचा वास येत होता.

झेंझी कॉफी घेऊन आली. कॉफी गार झाली होती, पण त्याबद्दल कुणी बोललं नाही. आजोबांनी वही आफ्रापुढे सरकवली आणि आजचे लांबड्याचे आकडे खरे लिही म्हणाले. तिने खोडरबर घेतलं. खालच्या भोकांना दहा, अकरा, बारा, तेरा. वरच्यांना एकपासून नऊपर्यंत. आता दोन्ही पानं शेजारी ठेवली. एका पानावर आकडे वरून खाली घसरत गेले होते, पाणी उतारावरून जावं तसे. दुसऱ्यावर ते विखुरले होते, पण घसरले नव्हते.

आजोबांनी हलकं पिस्तूल पुन्हा उचललं, डोळे मिटले, हात वर नेला, डोळे उघडले. माशी अजूनही डावीकडे.

"मूठ," झेंझी म्हणाली.

"माहितीये," आजोबा म्हणाले. "फिकट लाकूड मला नको. त्या अक्रोडाचा एक ओंडका माळ्यावर आहे. मूठ मी करीन. तू फक्त बसवून दे."

"आणि माप?"

आजोबांनी खोकल्यासारखं केलं. मग त्यांनी वहीचं एक कोरं पान उघडलं, उजवा हात त्यावर पालथा ठेवला, बोटं थोडी फाकवली, आणि आफ्राकडे पाहिलं.

आफ्राने पेन्सिलीला टोक काढलं. मनगटापासून सुरुवात केली. अंगठ्याच्या बाजूने वर, वळून खाली, पहिल्या बोटाच्या कडेने पुन्हा वर. हात सकाळभर वजन उचलून थकला होता, कागदावर ठेवलेला असूनही तो अधूनमधून थरथरत होता, आणि तो थरथरला की रेषा तिथे वाकडी व्हायची. करंगळीपाशी तर दोनदा झाली. खोडरबर तिच्या कोपरापाशीच पडलं होतं. तिने ते टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवलं, आणि पेन्सिल हाताबरोबर, हात जसा हलत होता तशीच, पुढे नेत राहिली.